झाडांच्या नावांची कुळकथा



मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा नाचणीच्या पापडांची कृती लिहून मोकळे व्हावे असे मनात होते. मी सातवीपर्यंत शिकलेली. शास्त्राचे विषय माझे नव्हेत. परंतु मागच्या श्रावणात आमच्या घरी एक गोष्ट घडली आणि तिच्यापायी मी झाडांच्या नावांच्या मागे लागले. ती हकीकत आणि तिच्या निमित्ताने वाचलेला थोडा इतिहास आपल्यापुढे ठेवते.

घरातल्या एका मुलाला आव झाली. आमच्याकडे आव म्हटली की कुड्याची साल ठरलेली. गडी रानात जाऊन साल घेऊन आला, ती उगाळून दोन दिवस दिली. पण गुण येईना. तिसऱ्या दिवशी पोर मलूल झाले, तेव्हा दवाखान्यात नेले आणि ते बरे झाले. पुढच्या आठवड्यात रानभाजी घेऊन येणारी ठाकरीण आजी ओटीवर टेकली. उरलेली साल मी तिला दाखवली. तिने ती मोडून पाहिली आणि म्हणाली, "बाई, ही काळ्या कुड्याची हाय. पोटाला पांढऱ्याची लागते." मग तिने ओळखही सांगितली. दोन्ही कुड्यांना शेंगा जोडीने येतात. पण पांढऱ्या कुड्याच्या जोडीतल्या शेंगा सुट्या लोंबतात आणि काळ्या कुड्याच्या टोकाशी एकमेकींना जुळलेल्या असतात.

माझी मुलगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. तिने पुस्तक उघडले, तर आजीचे बोल त्यात जसेच्या तसे. पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हिना आणि काळा कुडा म्हणजे राइटिया. आपण दोघांनाही कुडाच म्हणतो. शास्त्रात त्यांची आडनावेच वेगळी आहेत. एके काळी कुड्याची साल औषध म्हणून युरोपातही जात असे. तिच्यात काळ्या कुड्याची साल मिसळली जाऊ लागली, तिचा गुण येईना, आणि खऱ्या औषधाचेही नाव बद्दू झाले. आमच्या घरी जी चूक झाली तीच मोठमोठ्या व्यापाऱ्यांच्या हातूनही झाली होती, हे वाचून मला थोडे बरे वाटले. मात्र तेव्हापासून डॉक्टरांना विचारल्यावाचून घरात कोणतीही साल उगाळली जात नाही.

पुस्तकाने जे सांगितले तेच एक अक्षर न शिकलेली आजी कशी सांगते? का आजीसारख्या कोणीतरी सांगितले म्हणूनच ते पुस्तकात आले? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मला झाडांच्या नावांचा इतिहास वाचावा लागला.

झाडांना शास्त्रीय नावे देण्याची आजची पद्धत स्वीडन देशातील कार्ल लिनियस या पंडिताने रूढ केली. त्याचा जन्म १७०७ सालचा. त्याच्या आधी झाडाचे नाव म्हणजे लॅटिन भाषेतील एक लांबलचक वाक्यच असे. पान कसे, फूल कसे, देठ कसा, हे सगळे त्या नावात येई. लिनियसने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुमारे सहा हजार वनस्पतींना प्रत्येकी दोन शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द म्हणजे आडनाव आणि दुसरा त्या झाडाचे स्वतःचे नाव. मतदारयादीत आपले आडनाव आधी येते, तसेच हे. आंब्याचे नाव मँगिफेरा इंडिका, म्हणजे 'आंबे देणारी, हिंदुस्थानची'. या सर्व झाडांना आडनावे देणाऱ्या लिनियसचे स्वतःचे आडनावही झाडावरूनच आले होते. त्याच्या घराण्याच्या जमिनीत लिंडेन जातीचा एक मोठा वृक्ष होता, त्यावरून त्याच्या वडिलांनी ते घेतले. आपल्याकडे फणसे, जांभळे, आंबेकर असतात, आणि कसाऱ्याच्या अलीकडचे आपले स्टेशनही उंबरमाळीच आहे. झाडावरून माणसाला व गावाला नाव देण्याची रीत काही एकट्या आपलीच नाही.

आता या नावांत एक गंमत आहे, ती आपल्याला चटकन समजेल. लग्न झाले की आपले आडनाव बदलते. झाडाचेही तसेच आहे. अभ्यासाअंती एखादे झाड दुसऱ्या कुटुंबातले आहे असे ठरले, तर त्याचे पहिले नाव बदलते. परंतु दुसरे नाव, म्हणजे त्याचे स्वतःचे, शक्यतो तसेच ठेवावे असा नियम आहे. आपल्या फोडणीतल्या कढीपत्त्याचे पाहा. १७७१ साली लिनियसने त्याचे नाव बर्गेरा कोनिगी असे ठेवले. पुढे त्याला मुर्राया या घरात दिले आणि कितीतरी वर्षे तो मुर्राया कोनिगी म्हणून नांदला. अलीकडे पंडितांनी त्याला पुन्हा बर्गेरा या माहेरी आणले आहे. या सगळ्या येण्याजाण्यात 'कोनिगी' मात्र कोणी काढून घेतले नाही. हा कोनिग लिनियसचा शिष्य. १७६८ साली तो तामिळ मुलखातील तरंगमबाडीला वैद्य म्हणून आला आणि इथल्या झाडांत रमला. मुर्राया हे नाव ज्याच्यावरून आले तो मरे हाही लिनियसचाच शिष्य. दोन गुरुबंधू वर्षानुवर्षे आपल्या कढईत एकत्र तडतडत होते, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

दुसरा नियम असा की, जे नाव आधी छापले गेले ते खरे. तुळशीला लिनियसने दोनदा नाव दिले. १७५३ साली ऑसिमम टेन्युइफ्लोरम, म्हणजे नाजूक फुलांची. आणि १७६७ साली ऑसिमम सँक्टम, म्हणजे पवित्र. आपल्याला दुसरेच आवडणार. परंतु नियमाने पहिले खरे ठरले आहे. वृंदावनातल्या तुळशीला त्याचे काही वाटत नसेल, पण मला थोडे वाईट वाटले.

आपल्या शहापूर-मुरबाडच्या रानातली, शेतातली आणि परसातली नावे मी एका वहीत उतरवली. त्यांचे साधारण तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार रंगरूपावरून पडलेल्या नावांचा. बहाव्याचे नाव कॅशिया फिस्टुला. फिस्टुला म्हणजे नळी. त्याची लांब काळी शेंग पाहिली की नाव कसे पडले हे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात बाजारात येणारी करटोली म्हणजे मोमॉर्डिका डायोइका. पहिल्या शब्दाचा अर्थ चावलेली, कारण तिच्या बिया कुरतडल्यासारख्या दिसतात. दुसऱ्याचा अर्थ दोन घरांची. तिचे नर फूल एका वेलावर आणि मादी फूल दुसऱ्या वेलावर. म्हणूनच काही वेल नुसतेच फुलतात आणि फळ धरत नाहीत. भारंगीच्या नावातील सेरॅटा म्हणजे करवतीसारखी, कारण तिच्या पानाच्या कडा तशा असतात. कुरडूच्या भाजीला अर्जेंटिया म्हणतात, म्हणजे चंदेरी. तिचे तुरे तसे चमकतात. शेवळाच्या शास्त्रीय नावाचाही अर्थ मला कळला आहे, पण तो मी इथे मुद्दामच लिहीत नाही. भगिनींनी क्षमा करावी.

दुसरा प्रकार माणसांच्या नावांचा. आपल्याकडे पळसाला पाने तीनच म्हणतात, पण त्याच्या नावात एक मुख्य प्रधान बसला आहे. ब्यूटिया मोनोस्पर्मा हे पळसाचे नाव. मोनोस्पर्मा म्हणजे एक बी असलेला. पळसपापडीच्या टोकाला एकच बी असते. ब्यूटिया मात्र लॉर्ड ब्यूट याच्यावरून पडले. हा १७६२ ते १७६३ या काळात इंग्लंडचा मुख्य प्रधान होता आणि त्याला झाडांचा फार शोक होता. त्याने हिंदुस्थानात कधी पाऊलही टाकले नाही, पत्रावळीवर जेवणे तर दूरच. आपट्याचे नाव मला त्या मानाने गोड वाटले. बाउहिनिया हे त्याचे आडनाव योहान आणि गास्पार बोहँ या दोन भावांवरून आले. दोघेही वनस्पतींचे पंडित होते. आपट्याच्या पानाचे दोन भाग देठाशी जोडलेले असतात, म्हणून हे नाव दोन भावांना शोभते, असे लिनियसने लिहून ठेवले आहे. दसऱ्याला आपण हेच पान सोने म्हणून देतो आणि भांडलेले भाऊही त्या दिवशी गळाभेट घेतात.

मुरबाडहून नाणेघाट चढून गेले की जुन्नरचा मुलूख लागतो. तिथल्या डोंगरांत, कड्याच्या कपारीत एक मांसल खोडाचे छोटे झुडूप येते. त्याची फुले तांबूस आणि चांदणीसारखी असतात. डाल्झेल नावाच्या साहेबाने १८६४ साली त्याला फ्रेरिया इंडिका असे नाव दिले, कारण त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर होता. आपल्या लोकांनी त्याच फुलाला शिवनेरीवरून शिवसुमन म्हटले. एकाच फुलाला एक नाव गव्हर्नराचे आणि एक शिवरायांच्या जन्मस्थानाचे. आपण कोणते घ्यायचे ते सांगायला नकोच.

तिसरा प्रकार मला सर्वांत जवळचा वाटला. ही नावे आपल्याच तोंडून गेलेली आहेत. त्रिफळाचूर्ण घरोघरी असते. आवळ्याचे संस्कृत नाव आमलक. ते इराणातून अरबस्तानात गेले, तिथे आम्लज झाले आणि लॅटिनमध्ये एम्ब्लिका झाले. फायलँथस एम्ब्लिका म्हणजे आपला आमलकच, फक्त परदेशी जाऊन आलेला. बेहड्याचे बेलिरिका हे अरबी बलीलजवरून आले. हिरडा मात्र काबूलच्या नावाने ओळखला गेला; चेबुला म्हणजे काबुली. आपल्या माळशेजच्या बाजूच्या डोंगरात हिरडे वेचणाऱ्या बायकांना हे सांगितले तर त्या हसतील. अरब व्यापाऱ्यांनी चिंच पाहिली आणि तिला 'तमर हिंदी' म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटले. त्याचे टॅमॅरिंडस झाले आणि त्यापुढे लिनियसने पुन्हा इंडिका लावले. अशी ती दोनदा हिंदुस्थानी ठरली. आणि पंडित म्हणतात, तिचे मूळ आफ्रिकेत!

वरकस जमिनीवर पिकणाऱ्या आपल्या दोन पिकांचीही अशीच कथा. खुरासणीला आपण इराणच्या खुरासानावरून नाव दिले, पण तिच्या शास्त्रीय नावात अबिसिनिका आहे, आणि ती खरोखर अबिसिनियाची, म्हणजे आजच्या इथिओपियाची आहे. नाचणी म्हणजे एल्युसिनी कोराकाना. ग्रीस देशात एल्युसिस या गावी धान्यदेवता डिमिटर हिचे प्राचीन देऊळ होते, त्यावरून पहिला शब्द आला. दुसरा नाचणीच्या सिंहली नावावरून. ज्या धान्याला गरिबाचे म्हणून नाक मुरडतात, त्याच्या नावात प्रत्यक्ष अन्नपूर्णा बसली आहे.

मोहाची गोष्ट याहून चांगली. मोहाला पूर्वी बॅशिया म्हणत. इटलीतील बोलोन्या शहरात बास्सी नावाचा पंडित होता, त्याच्या मानार्थ हे नाव होते. पण पुढे असे लक्षात आले की, बॅशिया हे नाव १७६६ सालीच दुसऱ्या एका वनस्पतीला दिलेले होते. एकच नाव दोघींना चालत नाही. तेव्हा १७९१ साली छापलेले मधुका हे नाव मोहाला मिळाले. मधुका म्हणजे आपला संस्कृत मधूक. नियमाच्या कृपेने का होईना, मोहाला आपले नाव परत मिळाले. आणि कारवी? जिच्या काठ्यांचे कूड शेणामातीने लिंपून आपल्याकडे घरे उभी राहिली, जी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलून डोंगर निळा-जांभळा करते, ती कारवी. ब्रेमेकांप या डच पंडिताने १९४४ साली तिला कार्व्हिया कॅलोसा म्हटले. कार्व्हिया म्हणजे सरळ आपली कारवी! आता बहुतेक पुस्तकांत तिला स्ट्रोबिलँथस या मोठ्या कुटुंबात घालतात, तरी एका मराठी शब्दाने शास्त्रात आडनावाचा मान मिळवला होता, हे विसरता येत नाही.

पण हा शब्द ब्रेमेकांपपर्यंत पोहोचला कसा? आधी कोणीतरी सांगितला, मग कोणीतरी लिहून घेतला. आपल्या मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर डाल्झेल आणि गिब्सन यांनी १८६१ साली ग्रंथ छापला. पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रिन्सिपॉल थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मोठा ग्रंथ केला. कुकसाहेबांच्या ग्रंथात लॅटिन वर्णनांबरोबर देशी नावेही दिली आहेत. ती नावे साहेबांना स्वप्नात दिसली नव्हती. कोणा ठाकराने, कातकऱ्याने, गुराख्याने, मोळीविकीने ती सांगितली असणार. सांगणाऱ्यांची नावे मात्र झाडाशेजारी नाहीत.

ही रीत फार जुनी. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्याला आला. त्याने इथल्या औषधी झाडांवर संवादाच्या रूपात एक ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ साली गोव्यातच छापला. चारच वर्षांनी त्याचा लॅटिन सारांश युरोपात निघाला आणि तिकडच्या पंडितांना आपली झाडे कळली. त्या संवादांत अंतोनिया नावाची एक दासी आहे. मालकाने हाक मारली की ती फळ, पाला आणून पुढे ठेवते. कोणते झाड कुठे मिळते हे ठाऊक असल्याखेरीज का ती आणून देत होती? पण ग्रंथ ओर्ताचा झाला आणि अंतोनिया दासीच राहिली. तिचे नाव तरी राहिले, हेच पुष्कळ.

याच्या उलट उदाहरणही आहे, आणि ते सांगायलाच हवे. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ केला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याला माहिती देणारे इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य. या चौघांची नावे ग्रंथात आहेत. एवढेच नव्हे, तर १६७५ सालचे कोकणी वैद्यांचे निवेदन त्यांच्याच भाषेत, देवनागरी अक्षरांत छापले आहे. लिनियसने पुढे हाच ग्रंथ हाताशी धरला. सांगणाऱ्याचे नाव लिहायचे मनात आणले तर साडेतीनशे वर्षांपूर्वीही ते जमत होते.

आता आपल्या फाटकावरच्या बोगनवेलीकडे या. तिला नाव मिळाले ते बूगनव्हील या फ्रेंच कप्तानावरून. १७६६ साली तो पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्याच्याबरोबर कॉमर्सन नावाचा वनस्पतींचा पंडित होता आणि कॉमर्सनबरोबर एक नोकर होता. तो नोकर म्हणजे पुरुषवेष घेतलेली झान बारे ही बाई. फ्रेंच सरकारी जहाजावर बायकांना मनाई होती. कॉमर्सन पायाच्या दुखण्याने बेजार असे. डोंगर चढणे, ओझी वाहणे, पाला गोळा करणे हे काम तिने केले. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री ती हीच. वेलीला नाव कप्तानाचे मिळाले. बारेवरून योजलेले नाव टिकले नाही. अखेर २०१२ साली दक्षिण अमेरिकेतील, आपल्या वांग्या-बटाट्यांच्या नात्यातील एका वेलीला सोलॅनम बारेटिए हे नाव देण्यात आले. अडीचशे वर्षे लागली, पण नाव लागले.

नावे दुरुस्तही होतात. २०२४ साली माद्रिद येथे जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांची परिषद भरली. आपल्या पांगाऱ्याचा एक आफ्रिकेतला भाऊबंद आहे, त्याचे नाव एरिथ्रिना काफ्रा. 'काफिर' हा शब्द तिकडे काळ्या लोकांना शिवी म्हणून वापरला गेला. तेव्हा अशी दोनशेंवर नावे बदलावीत असे परिषदेने मतांनी ठरवले; काफ्राचे अफ्रा झाले, म्हणजे आफ्रिकेचा. एक अक्षर गाळल्याने शिवीचे नाव झाले. नावात काय आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बायकांना नावे ठेवण्याची फार सवय, असे पुरुष म्हणतात. तर आपण आता खरोखरच नावे ठेवू या, म्हणजे जपून ठेवू या. आमच्याकडे येणारी ठाकरीण आजी आता थकली आहे. तिची नात शाळेत जाते, याचा मला आनंदच आहे. पण त्या नातीला काळा कुडा आणि पांढरा कुडा यांतला भेद ठाऊक नाही, आणि माझ्या कॉलेजातल्या मुलीला तो पुस्तक उघडल्याशिवाय सांगता येत नव्हता. लॅटिन नाव छापलेले आहे, ते कुठे जाणार नाही. आजीचे नाव आणि तिची ओळखण्याची खूण मात्र तिच्याबरोबर जाईल.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. यंदाच्या हळदीकुंकवाला मंडळाच्या टेबलावर एक कोरी वही ठेवावी. प्रत्येकीने येताना एका झाडाचे वाळलेले पान आणावे, ते वहीत चिकटवावे, त्याचे आपल्या पाड्यात चालणारे नाव आणि ओळखायची खूण लिहावी. शास्त्रीय नाव माझी मुलगी शोधून देईल. आणि त्याखाली, ते नाव आपल्याला कोणी सांगितले, सासूबाईंनी, आईने की भाजीवालीने, तिला विचारून तिचे पूर्ण नाव लिहावे. पहिल्या पानावर मी पांढऱ्या कुड्याचे पान लावणार आहे. आजीने आपले नाव लिहायला परवानगी दिली आहे. "माझं कशाला, बाई?" असे ती आधी म्हणाली, मग दोनदा सांगून तिने ते माझ्याकडून नीट वाचून घेतले.

लेखात काही उणे राहिले असल्यास भगिनींनी सांभाळून घ्यावे.